वन्सं, म्होरं

वडूजच्या बाजूला आम्ही म्होरं म्हणायचो. सांगलीकडे फुडं म्हणतात. शाळेच्या पुस्तकात पुढे असं छापलेलं होतं, पण ते फक्त वाचायचं असतं, बोलायचं नसतं, असं मला चौथीपर्यंत वाटत होतं. चौथीनंतर शाळा सुटली. दुष्काळात मी कामावर जाऊन खडी फोडली आणि दुष्काळ सरला तसं माझं लग्न झालं. नवरा सांगलीजवळ माधवनगरच्या मिलमध्ये मागावर होता.

घरात सासूबाई, नवरा आणि नवऱ्याची थोरली बहीण. तिला मी वन्सं म्हणायची. वन्संना शिरवळला दिलं होतं. मूल होईना म्हणून त्यांच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि यांना माहेरी आणून घातलं. मी आले तेव्हा त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. सासूबाई पोटच्या लेकीला शिळं वाढायच्या आणि मला ताजं. माझ्यावर माया होती म्हणून नव्हे, लेकीला दिसावं म्हणून.

वन्सं त्याचा राग माझ्यावर काढायच्या. माझी पहिली भाकरी त्यांनी हातावर तोलून पाहिली आणि म्हणाल्या, ही भाकरी हाय का खडी. त्या दिवसापासून माझं नाव खडीवाली पडलं. नवराही त्याच नावाने हाक मारायचा.

वन्संना नकला फार चांगल्या करता यायच्या. नळावर बायका जमल्या की त्या पदर नाकापर्यंत ओढायच्या, एक पाय आत वळवून माझ्यासारख्या उभ्या राहायच्या आणि माझ्या आवाजात म्हणायच्या, "पानी कवा यायचं ओ? माजी घागर म्होरं हाय." बायका हसायच्या. मी मागे घागर घेऊन उभीच असायची. नक्कल इतकी हुबेहूब असायची, की एकदोनदा मलाच वाटलं, आपण बोललो की काय.

एकदाच त्या माझ्याशी नीट वागल्या. मला पहिला मुलगा झाला तो घरीच, आणि तो जन्मला तेव्हाच गेलेला होता. सुईण त्याला फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवून गेली. सासूबाई बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. मला उठता येत नव्हतं. मी वन्संना म्हणाले, "म्होरं ठिवा की त्याला. मला दिसंना." त्यांनी खिडकी उघडली, त्याला उचलून माझ्या तोंडासमोर ठेवलं आणि फडकं बाजूला केलं. मी पुरे म्हणेपर्यंत त्या तशाच उकिडव्या बसून राहिल्या. नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही काढला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात संगीत नाटकाची कंपनी आली. दरसाल सुगीनंतर त्यांचा मुक्काम आमच्याकडे पडायचा म्हणे. मिलच्या पलीकडे मोकळ्या रानात तंबू उभा राहिला, भोवती कनाती लागल्या. पेटारे आले, पडदे आले, पायाने भाता मारायचा ऑर्गन आला. मला वाटलं होतं, नाटक म्हणजे कंपनीने करायचं आणि लोकांनी बघायचं. पण मुक्काम सगळ्या वस्तीचाच असायचा. मिलमधून पाणी जायचं, खुर्च्या जायच्या. शिंपी राजाचा अंगरखा उसवून रुंद करून द्यायचा, कारण राजाचं काम कंपनीचे मालक स्वतः करायचे आणि दर साली त्यांचं पोट वाढलेलं असायचं. घराघराने पाळी लावून कंपनीच्या माणसांना भाकरी द्यायची. आमच्या वाट्याला ऑर्गनवाले आले. म्हातारा माणूस, खाली मान घालून जेवायचा.

मालक हुशार होते. प्रत्येक मुक्कामाचा शेवटचा खेळ ते गावच्या माणसांना घेऊन करायचे. कुणी भालदार, कुणी दासी, कुणी एखादं पद म्हणायचं. ज्याचा माणूस रंगमंचावर असेल त्याची सगळी भावकी तिकीट काढून यायची. लोकांना वाटायचं, कंपनी आपली कदर करते.

मी पहिला खेळ बघितला तो सुट्टीच्या दिवशी दुपारचा. बायकांची बाजू वेगळी होती, मध्ये दोरी. नायिकेने एक पद म्हटलं. गोरीपान बाई होती, गळाही चांगला. पद संपलं तसे पुरुषांच्या बाजूने गडी ओरडायला लागले. मी नीट कान देऊन ऐकलं. ते म्हणत होते, "वन्सं, म्होरं. वन्सं, म्होरं." आणि ती बाई हसून नमस्कार करून पुन्हा गायला लागली.

मला फार बरं वाटलं. घरी आल्यावर मी आपण होऊन बोलले, जे मी सहसा करत नसे. म्हणाले, सांगलीची माणसं किती रीतीची आहेत. नाटकातल्या बाईला नावानं हाक मारत नाहीत. वन्सं म्हणतात, आणि म्होरं म्हणा म्हणून विनवणी करतात.

नवऱ्याच्या तोंडातला घास बाहेर पडला. सासूबाईंना कळलं नाही, पण लेक हसतोय म्हणून त्याही हसल्या. वन्संनी मला सांगितलं की तो इंग्रजी शब्द आहे, वन्स मोअर, म्हणजे परत एकदा. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "वन्सं म्होरं. कुटली गं तू खुळी." त्या हाताला राखेचा वास होता. त्या हसण्याचं मला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने ते मिलमध्ये सांगितलं. पाळी सुटेपर्यंत ते सगळ्या खात्यांत फिरलं. नळावर, वाण्याकडे, चक्कीवर, कुणीही कुणाला वाट दिली की म्हणायचं, वन्सं, म्होरं.

त्याच दिवसांत शिरवळहून निरोप आला. वन्संच्या सवतीला जुळी झाली होती, घरात हात कमी पडत होते, थोरलीला पाठवून द्या. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. नवऱ्याने ठरवलं, कंपनीचा मुक्काम हलला की अक्काला नेऊन पोचवायचं.

वन्सं चुलीपुढे होत्या. त्या म्हणाल्या, "मोलकरीण म्हनून जाऊ?"

नवरा म्हणाला, "मग हितं कोन हाईस?"

त्या भाकरी थापत राहिल्या. भाकरीला कड फुटली तरी थापत राहिल्या.

ऑर्गनवाले ओट्यावर जेवायचे. वन्संना दळताना, निवडताना गुणगुणायची सवय होती. एक दिवस म्हाताऱ्याने जेवता जेवता मान वर केली आणि विचारलं, आत कोण गातंय. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः घरी आले. बरोबर मिलच्या शेठचे कारकून होते, म्हणून नवऱ्याला खुर्ची मांडावी लागली. मालक म्हणाले, शेवटच्या खेळात नायिकेच्या सखीचं काम यांना देतो, एक पद आहे. ते लोकांना आवडलं तर साताऱ्याच्या मुक्कामाला यांना बरोबरच नेऊ, आमच्याकडे बाई कमी आहे. कारकून म्हणाले, शेठना फार आनंद होईल. नवरा हात जोडून म्हणाला, "आमचं भाग्य हाय की."

कारकून गेल्यावर त्याने वन्संना वाकडं काही म्हटलं नाही. मला वाटलं होतं मारेल. उलट तो त्यांना म्हणाला, अक्का, जोरात तयारी कर, आमची सगळी मिल येणार हाय बघायला.

वन्सं महिनाभर दुसरं काही बोलल्या नाहीत. पद पाठ करताना मला समोर बसवायच्या आणि कागद माझ्या हातात द्यायच्या. मी बोट फिरवत वाचायची. मी अडखळले की त्या तसंच अडखळून दाखवायच्या. पण गायला लागल्या की मला त्यांचं सगळं विसरायला व्हायचं. फुलं वेचणाऱ्या मुलीचं पद होतं. वन्सं पस्तिशीच्या, हात घट्टे पडलेले, पण डोळे मिटले की मुलगीच गाते आहे असं वाटायचं. एकदा गाणं थांबवून त्या म्हणाल्या, "शिरवळला न्हाई जायाची मी. हिरीत उडी टाकीन, पर तिची पोरं न्हाई धुवायची." मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

शेवटचा खेळही सुट्टीच्या दुपारी ठेवला होता, मिलवाल्यांना येता यावं म्हणून. तंबू भरला. कनातीच्या बाहेरसुद्धा माणसं उभी होती. सासूबाई आल्या नाहीत. मी बायकांत पुढे बसले होते, नवरा दोरीच्या पलीकडे त्याच्या खात्याच्या गड्यांत.

वन्सं आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. तोंडाला रंग, केसात कागदी फुलं, कंपनीचा जरीचा शालू. त्यांनी पद म्हटलं. माझ्या शेजारच्या म्हातारीने डोळे पुसले. पद संपलं आणि मागून कुणीतरी मनापासून ओरडलं, वन्स मोअर.

तेव्हा दोरीपलीकडून नवऱ्याचा आवाज आला. तो आवाज मला झोपेतही ओळखू आला असता. "वन्सं, म्होरं."

सगळं हसलं. हसण्यात रागही नव्हता, मजाच होती. वन्संनी नमस्कार केला आणि पुन्हा म्हटलं. संपायच्या आत पुन्हा तेच, आता सगळं खातं मिळून, ताल धरून. ऑर्गनवाल्या म्हाताऱ्याने सूर सोडून मालकांकडे पाहिलं. मालक राजाच्या पोषाखात बाजूला उभे होते, त्यांनी हाताने खूण केली, घ्या. तंबू हसतोय म्हटल्यावर ते कशाला थांबवतील. वन्संनी तिसऱ्यांदा म्हटलं. पुन्हा. पुन्हा. वरच्या सुराला गळा फाटला. त्या खाली आल्या आणि खालीही सूर मिळेना. फुलांची परडी त्यांनी पोटाशी धरली. तोंडाचा रंग घामाने मानेवर उतरला.

मग नवऱ्याने शब्द बदलला. "वन्सं, माघारी."

गड्यांनी तो उचलला. कुणीतरी जोडून दिलं, "माघारी शिरवळला." ज्यांना शिरवळचं माहीत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी सांगितलं. ते कानाकानातून पुढे जाताना मी बघत होते. ज्या म्हातारीने डोळे पुसले होते, तिनेही मला कोपराने ढोसून विचारलं, "टाकल्याली हाय व्हय?"

वन्संनी पद थांबवलं. मला वाटलं आता पळून आत जातील. त्यांनी परडी खाली ठेवली. पदर नाकापर्यंत ओढला. एक पाय आत वळवला.

आणि माझ्या आवाजात म्हणाल्या, "माघारी कशी जाऊ ओ? मला म्होरं कंचं आन् माघारी कंचं, त्येच कळंना."

तंबू हसण्याने फुटला. गडी एकमेकांच्या अंगावर पडले. वन्संनी हात डोळ्यांवर धरून बायकांच्या बाजूला पाहिलं, मला शोधलं आणि बोट केलं. "ती बगा, आमची भावजय बसलीया. वडूजची खडीवाली. ह्यो इंग्रजी शब्द तिनंच काडलाय. वन्सं म्होरं. इचारा तिला."

सगळी माणसं वळली. पुरुषसुद्धा उठून उठून बघायला लागले. मी पदरात तोंड घातलं, तर त्यालाही हसले, कारण वन्सं वरती अगदी तसंच करत होत्या. आता गडी ओरडत होते ते माझ्यासाठी. खडीवाली, म्होरं. नवरा ओरडत नव्हता. त्याच्या बाजूचे लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते आणि तो हसल्यासारखं तोंड करून बसला होता.

शिरवळचं नाव मग कुणीच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तंबू सुटला. मालकांनी निरोप धाडला की बाईंना घेऊन जातो. पद राहू द्या, म्हणाले, पद म्हणणाऱ्या पुष्कळ मिळतात, हे असं बोलणारी मिळत नाही. नवरा आडवा येऊ शकला नाही. शेठ खेळाला होते आणि शेठ फार हसले होते. वन्सं बोचकं घेऊन ट्रकमध्ये पडद्यांच्या गुंडाळ्यांवर चढून बसल्या. सासूबाई दारात आल्या नाहीत. मी गेले होते. वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला काय गं, तुला नवरा हाय." ट्रक गेला.

शिरवळवाल्यांना नवऱ्याने काय कळवलं मला माहीत नाही. मला मात्र माधवनगरमध्ये पुढची वर्षं त्याच नावाने काढावी लागली. वाणी पुडी बांधताना म्हणायचा, म्होरं या वैनी. पोरं मागून ओरडायची. नळावर मी तोंड उघडलं की बायका वाट बघायच्या, आता काय बोलते. म्हणून मी बोलायचं सोडलं. लागेल तेवढं बोलायचं ते पुस्तकातल्यासारखं बोलायला शिकले. पुढे. केव्हा. नाही. घरात एकटी असताना मोठ्याने म्हणून बघायची. नवऱ्याला तेही आवडलं नाही. म्हणायचा, मास्तरीण झालीस व्हय. पण पुढे पुढे लोकांना माझ्यात हसण्यासारखं काही सापडेना, आणि त्यांनी नाद सोडला.

काही वर्षांनी मावशीच्या घरी साताऱ्याला लग्न होतं. कंपनीचा मुक्काम तिथेच होता. मावशी म्हणाली, चल, लय हसवत्यात. मी तिला वन्संचं काही सांगितलं नाही.

नाटक तेच, राजाचंच. मालकांचं पोट अजून वाढलेलं. दोन प्रवेशांच्या मध्ये पडदा पडला आणि पडद्याच्या पुढे एक बाई आली. पदर नाकापर्यंत, पाय आत वळलेला. ती यायच्या आधीच लोक ओरडायला लागले, "वन्सं, म्होरं." साताऱ्याच्या लोकांना शिरवळ माहीत नव्हतं, मी माहीत नव्हते. कंपनीनेच ते सगळीकडे पसरवलं असणार.

वन्सं खडीवाली सून झाल्या होत्या. भाकरी, घागर, नळ, सगळं होतं. मी बसून ऐकत होते. मावशी मांडीवर हात मारत होती. तिची बोली आणि ती बोली एकच, तरी ती हसत होती. मग सुनेला जेवायला बसवलं आणि जिलबीचं ताट लांब ठेवलं. सून मान लांब करून ताटाकडे बघते. सासू वाढत नाही. वन्संनी हात पुढे केला आणि बारीक आवाजात म्हटलं, "म्होरं ठिवा की त्याला. मला दिसंना."

तंबू हसला.

तो आवाज माझा होता. कसा होता तो मी विसरले होते, त्यांच्या तोंडून ऐकला तेव्हा आठवला. लोकांनी वन्सं म्होरं केलं आणि त्यांनी ते पुन्हा म्हटलं. पुन्हा केलं, पुन्हा म्हटलं. मावशीने विचारलं, "तुला गं हसू येत न्हाई?"

खेळ सुटल्यावर मावशीला थांबवून मी मागे गेले. रंगपटात वन्सं खोबरेल लावून तोंडाचा रंग काढत होत्या. केस पांढरे झाले होते. मला बघून त्या दचकल्या नाहीत. बस म्हणाल्या. आवाज खरखरीत होता. मी विचारलं, पद म्हणता का. त्या म्हणाल्या, त्या दिवसापासून वरचा सूर आलाच नाही, आणि आला असता तरी मालक देणार नाहीत. ऑर्गनवाले वारले. खायला मिळतं, झोपायला पडदे असतात. शिरवळपेक्षा बरं आहे.

मी विचारायला आले होते ते दुसरंच. त्यांनाही ते कळलं असावं. त्या फडक्याने मान पुसत म्हणाल्या, "त्ये वाक्य लय चालतंय. समद्यात जास्त त्येच चालतंय."



मग त्या माझ्या जवळ सरकल्या. म्हणाल्या, "पर आता लोकास्नी समदं पाठ झालंय. मालक म्हनत्यात, नवं काय तरी आना, न्हाईतर बसा घरी. घर कंचं हाय मला?" त्यांनी माझा हात धरला. तो हात तसाच होता, राखेचा नाही पण घट्ट्यांचा. "तू बोल की गं. तुज्या गावाकडचं. तुजी आई काय म्हनायची? आनी मी गेल्यावर एक पोर झाल्तं न्हवं तुला? तवा काय म्हनलीस? कायबी बोल. मी धरीन त्यातलं."

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. नळावरच्या बायका बघायच्या तशा. पण त्या बायकांना नुसती मजा हवी होती. वन्संना भाकरी हवी होती. मी एक शब्द बोलले असते तर त्यांचं एक साल निघालं असतं, हे मला दिसत होतं. मला आईचं बोलणं आठवत होतं. दुसऱ्या पोराच्या वेळी, जे जगलं, मी काय बोलले तेही आठवत होतं.

मी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "नाही, वन्सं. मला काही आठवत नाही."

त्यांनी पदर पुढे ओढला, पाय आत वळवला आणि माझ्या आवाजात, अगदी जसंच्या तसं, म्हणून पाहिलं. "नाही, वन्सं. मला काही आठवत नाही."

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी पदर खाली सोडला आणि तोंडाचा राहिलेला रंग पुसायला घेतला.